कॅनाव्हेरलच्या किनाऱ्यावर

अमेरिकेंतील फ्लोरिडा प्रांतांत आमचे चिरंजीव कांहीं वर्षांपासून राहत आहेत. २०२५ च्या डिसेंबरांत त्यांच्याकडे जाण्याचा योग आला आणि पुण्याच्या थंडींतून निघून आम्ही उभयतां ऑर्लँडो शहरीं जाऊन पोंचलों. हें शहर मुलांच्या करमणुकीसाठीं प्रसिद्ध आहे. तेथील खोटे राजवाडे व चालत्याबोलत्या बाहुल्या यांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. तीं येथें देत नाहीं. आमचें लक्ष होतें पूर्वेकडे. मोटारीनें तासाभराच्या अंतरावर अटलांटिक महासागराच्या कांठीं वाळूची एक चिंचोळी पट्टी आहे, तिला केप कॅनाव्हेरल म्हणतात. चंद्रावर गेलेलीं माणसें याच किनाऱ्यावरून गेलीं.

बरोबर आमची नात होती. वय वर्षें चौदा. आपण मोठेपणीं अवकाशांत जाणार असें तिनें मनाशीं ठरवून टाकलें आहे, आणि ही गोष्ट ती, आज शाळेला सुटी आहे, इतक्या सहजपणें सांगते. आमच्या कुटुंबाला हें बोलणें मुळींच रुचत नाहीं. "हिचें वेड जाईल म्हणून तुम्ही हिला तेथें नेतां आहां, कीं वाढावें म्हणून?" असें निघण्याच्या आदल्या रात्रीं आम्हांस विचारण्यांत आलें. आम्हीं वर्तमानपत्रांत डोकें घातलें.

रस्ता सरळ पूर्वेस जातो. दुतर्फा सखल पाणथळ जमीन, खुरटे ताड, मधूनमधून काळसर पाण्याचीं डबकीं. कोंकणांतल्या खाजणाची आठवण यावी असा तो प्रदेश आहे. फरक इतकाच कीं येथल्या डबक्याच्या कांठीं जें ओंडक्यासारखें दिसतें तें पुष्कळदां मगर निघतें. इंडियन रिव्हर नांवाची जी नदी ओलांडावी लागते ती वास्तविक नदी नसून समुद्राची लांबट खाडी आहे. पलीकडील मेरिट बेट हें पक्ष्यांचें अभयारण्य आहे, आणि त्याच बेटावर अग्निबाणांचे उड्डाणतळही आहेत. बगळे व पेलिकन यांना या शेजाराची सवय झालेली दिसते. ही जागा निवडण्याचें कारण सोपें आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. त्या गतीचा फायदा घ्यावयाचा तर पूर्वेकडे उडावें लागतें, आणि येथून पूर्वेकडे शेंकडों मैल नुसता समुद्र आहे. उडविलेली वस्तु फुटली तर खालीं कोणाचें घर नाहीं. या ठिकाणाची स्थापनाच अशी अपयशाची सोय करून झालेली आहे, हें आम्हांस प्रथमच लक्षांत आलें.

प्रेक्षकांसाठीं नासा संस्थेनें येथें मोठें प्रदर्शन उभारलें आहे. त्याच्या एका दालनांत अटलांटिस हें जुनें अवकाशयान टांगून ठेविलें आहे. त्याच इमारतींत, खालच्या बाजूस, एक अंधारी वाट आहे. तेथें चॅलेंजर आणि कोलंबिया या दोन यानांच्या चौदा प्रवाशांच्या नित्याच्या वस्तु मांडल्या आहेत. चॅलेंजर २८ जानेवारी १९८६ रोजीं उडतांना नष्ट झालें आणि कोलंबिया १ फेब्रुवारी २००३ रोजीं परततांना. कोलंबियावर कर्नालची कल्पना चावला होती. त्या दिवशीं आमच्या पुण्याच्या घरीं रात्रीं उशिरापर्यंत कोणी जेवलें नव्हतें, तें आम्हांस आठवलें. कुटुंब त्या कपाटासमोर बराच वेळ उभें राहिलें. नंतर नातीचा हात धरून ती म्हणाली, "हें तूं पाहिलेंस ना? मग झालें तर." मुलगी कांहीं बोलली नाहीं.

बाहेर उन्हांत आल्यावर आम्हांस या विषयाचा खरा प्रश्न दिसूं लागला. मुलीला जाऊं द्यावें कीं न द्यावें, हा प्रश्न नव्हे. ज्या यानांत माणूस बसावयाचा तें बसण्याजोगें आहे हें कोणी, कसें ठरवावयाचें, हा. अटलांटिसच्या जातीचीं यानें १९८१ च्या १२ एप्रिल रोजीं प्रथम पृथ्वीभोंवतीं फिरलीं, तीं दोन माणसांना घेऊनच. एकही रिकामी फेरी झाली नव्हती. त्याच धर्तीचें रशियाचें बुरान यान १९८८ च्या नोव्हेंबरांत आंत कोणीही नसतां वर जाऊन, आपल्या आपण धांवपट्टीवर उतरलें होतें. तरी सगळा दोष पहिल्या फेरीच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. चॅलेंजरची शेवटची फेरी त्या जातीच्या यानांची पंचविसावी होती, कोलंबियाची एकशें तेरावी. धोक्याच्या खुणा आधींच्या फेऱ्यांत दिसल्या होत्या. परंतु यान दर वेळीं सुखरूप परत येत असल्यामुळें त्या खुणांची संवय होऊन गेली.

त्या जातीच्या यानांचें शेवटचें उड्डाण २०११ च्या जुलैमध्यें झालें. त्यानंतर जवळजवळ नऊ वर्षें अमेरिकेला आपलीं माणसें अवकाशस्थानकावर पाठविण्यास रशियाच्या यानांत जागा विकत घ्यावी लागे. म्हणून सरकारनें निराळा मार्ग धरिला. यान आपण बांधावयाचें नाहीं. कंपनीनें बांधावें, तिच्याच मालकीचें असावें, आणि सरकारनें आगगाडीचें तिकीट काढावें तशी त्यांतील जागा विकत घ्यावी. २०१४ च्या सप्टेंबरांत बोइंग कंपनीस ४२० कोटी डॉलरांचें व स्पेसएक्स कंपनीस २६० कोटी डॉलरांचें काम मिळालें. नफ्यासाठीं चालणाऱ्या पेढीच्या हातीं माणसांचा जीव सोंपवावयाचा म्हणजे थोडें विचारांत पडण्यासारखेंच आहे. त्यावर तोड अशी निघाली कीं प्रत्येक कंपनीनें आपलें यान प्रथम रिकामें अवकाशस्थानकापर्यंत नेऊन आणून दाखवावें.

प्रदर्शनांतील एका नव्या इमारतींत स्पेसएक्सची मालवाहू कुपी ठेविली आहे. २०१२ च्या मे महिन्यांत ती अवकाशस्थानकास जाऊन आली. खाजगी कंपनीचें यान तेथें पोंचण्याची ती पहिलीच वेळ. तिच्या अंगावर परतीच्या आगीचे डाग आहेत, चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखे. या मालगाडीनेंच पुढें माणसांच्या गाडीची वाट घालून दिली. माणसांसाठीं बांधलेलें ड्रॅगन यान २ मार्च २०१९ रोजीं पहांटे तीनच्या सुमारास येथल्याच ३९-ए या तळावरून सुटलें. आंत प्रवाशाचा पोषाख घातलेला एक बाहुला बसविला होता. त्याला रिप्ले असें एका इंग्रजी चित्रपटांतील नायिकेचें नांव दिलें होतें. मान, डोकें व पाठ यांवर किती भार पडतो तें मोजण्याचीं यंत्रें त्याच्या अंगांत होतीं.

हें ऐकून कुटुंब म्हणाली, "म्हणजे आपल्याकडे श्राद्धाला ब्राह्मण मिळाला नाहीं तर दर्भाचा चट मांडतात, तसेंच कीं." उपमा तितकीशी शुभ नव्हे, पण चपखल होती. फरक इतकाच कीं आपला चट कांहीं तक्रार करीत नाहीं. रिप्ले मात्र परत आल्यावर सगळें सांगते.

आठ मार्चला ती कुपी अटलांटिक समुद्रांत सुखरूप उतरली व सर्वत्र आनंदीआनंद झाला. पण खरी हकीकत पुढेंच आहे. सहा आठवड्यांनीं, २० एप्रिलला, तीच कुपी येथें जमिनीवर एका चांचणीच्या वेळीं स्फोट होऊन चक्काचूर झाली. चांचणी होती ती संकटसमयीं प्रवाशांना अग्निबाणापासून दूर फेंकणाऱ्या इंजिनांची! एका झडपेंतून थोडेंसें द्रव झिरपून भलत्या नळींत जाऊन बसलें होतें. दाब सोडतांच तें वेगानें टायटॅनियमच्या झडपेवर आदळलें आणि भडका उडाला. जें साधन जीव वांचविण्यासाठीं ठेविलें तेंच घातक ठरत होतें. त्या वेळीं आंत अथवा जवळ कोणीही नव्हतें. दोष सांपडला, झडपेच्या जागीं दाब येतांच फुटणारी चकती बसविली गेली, आणि १९ जानेवारी २०२० रोजीं उडत्या अग्निबाणावरून मुद्दाम कुपी उडवून देऊन पाहिली. अग्निबाण आकाशांत फुटून गेला. कुपी छत्र्यांवरून अलगद समुद्रावर उतरली. त्याहीनंतर, ३० मे २०२० रोजीं, डग हर्ली व बॉब बेन्कन या दोघांना तींत बसविलें. पुढें २०२१ च्या सप्टेंबरांत सरकारी नोकरींत नसलेले चौघे खाजगी प्रवासी त्याच तळावरून पृथ्वीभोंवतीं जाऊन आले. आपला शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ रोजीं गेला तोही येथूनच, याच जातीच्या यानांतून.

नातीला हा सारा इतिहास तोंडपाठ आहे. तिनें तारखा सांगाव्या आणि आम्हीं मान हालवावी, असा क्रम चालला होता. बोइंगची गोष्ट आली तेव्हां मात्र ती जरा थबकली. बहुधा आजी ऐकते आहे म्हणून.

बोइंगचें स्टारलायनर यान २० डिसेंबर २०१९ रोजीं रिकामें सुटलें. अग्निबाणानें काम चोख बजावलें. परंतु यानांतील घड्याळ अकरा तासांनीं चुकलेलें होतें. आपल्याकडे मुहूर्ताची घटिका चुकली तर फार झालें तर भटजी रागावतात. या यानानें आपण प्रवासाच्या भलत्याच टप्प्यावर आहों असें समजून इंधन उधळलें, आणि अवकाशस्थानकापर्यंत जाण्याइतकें तें उरलें नाहीं. परत आणण्याच्या तयारींत असतां जमिनीवरील तपासनिसांना संगणकाच्या आज्ञांत आणखी एक चूक आढळली. तिच्यामुळें, यानाचे दोन भाग सुटे होतांच, मागचा भाग प्रवाशांच्या कुपीवर येऊन आदळण्याचा संभव होता. उतरण्यापूर्वी कांहीं तास ती दुरुस्त केली. यान न्यू मेक्सिकोच्या वाळवंटांत सुखरूप उतरलें. २०२२ च्या मे महिन्यांत तें पुन्हां रिकामें गेलें. या वेळीं स्थानकास पोंचलें, परतही आलें. परंतु वाटेंत कांहीं लहान इंजिनें बंद पडलीं होतीं.

५ जून २०२४ रोजीं त्यांत सुनीता विल्यम्स व बुच विल्मोर हे दोघे बसले. जावयाचें होतें आठवड्याभरासाठीं. स्थानकाजवळ जातांना दिशा वळविणारीं पांच लहान इंजिनें बंद पडलीं आणि हेलियम वायु गळूं लागला. रिकाम्या फेरींत जें कुजबुजत सांगितलें गेलें होतें, तें आतां मोठ्यानें सांगितलें गेलें, असें आम्हांस वाटतें. आधींची कुजबूज पुरेशी ऐकली गेली होती काय, याचा निवाडा करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. पण पुढें जें झालें त्याबद्दल आमच्या मनांत फार आदर आहे. २४ ऑगस्टला नासानें जाहीर केलें कीं माणसें वरच राहतील. यान रिकामें परत येईल. कोट्यवधि डॉलर खर्चून, दहा वर्षें खपून, जगाच्या समोर दोन माणसें बसवून पाठविलेल्या यानाची पुन्हां चांचणीची फेरी करून टाकणें सोपें नव्हतें. कंपनीचें म्हणणें यान सुरक्षित आहे असें होतें.

७ सप्टेंबरला तें रिकामें यान वाळवंटांत अगदीं व्यवस्थित उतरलें. तेव्हां पुष्कळांनीं म्हटलें, "मग माणसेंही आलीं असतीं कीं!" आमच्या चिरंजीवांचेंही तेंच मत पडलें. पुराच्या नदींतून एक रिकामी होडी पलीकडे लागली म्हणजे मुलाबाळांना तींत बसवावयास हरकत नव्हती असें सिद्ध होतें काय? कोलंबियाही त्यापूर्वीं सत्तावीस वेळां सुखरूप उतरलें होतें. विल्यम्स आणि विल्मोर २८६ दिवसांनीं, १८ मार्च २०२५ रोजीं, दुसऱ्या कंपनीच्या यानांतून घरीं आले. आणि आम्ही फ्लोरिडास जाण्याच्या थोडे दिवस आधीं, नोव्हेंबरांत, स्टारलायनरचें पुढचें उड्डाण माणसांविना, केवळ सामान घेऊन होईल असें ठरल्याचें जाहीर झालें.

संध्याकाळीं आम्ही खाडीच्या अलीकडील टायटसव्हिल या गांवीं गेलों. त्या रात्रीं कोण्या एका कंपनीचे उपग्रह घेऊन एक अग्निबाण सुटावयाचा होता. गांव साधें, बैठें, थोडें विटलेलें आहे. पाण्याच्या कांठीं लोक घडीच्या खुर्च्या, पांघरुणें आणि कॉफीच्या बाटल्या घेऊन बसले होते. थेट आपल्याकडे गणपति विसर्जनाला नदीकांठीं बसतात तसे. पलीकडे दूर, पांचशें पंचवीस फूट उंचीची ती प्रचंड पांढरी इमारत दिसत होती, जींत चंद्राचे अग्निबाण उभे केले गेले. तिच्या उजवीकडे, केपच्या टोंकाशीं, जुने ओसाड तळ आहेत. तिकडे बोट दाखवून आम्हीं नातीला, तिच्या वेळच्या नसलेल्या, एका प्रवाशाची गोष्ट सांगितली.

३१ जानेवारी १९६१ रोजीं तेथून हॅम नांवाच्या चिंपांझीला उडविलें. दिवा लागला कीं कळ दाबावयाची, इतकें त्याला शिकविलें होतें, आणि तें त्यानें वरही इमानानें केलें. पण अग्निबाणानें ठरल्यापेक्षां अधिक जोर लावला. ११५ मैल उंच जावयाचें तें १५७ मैल गेलें, आणि शेंकडों मैल दूर समुद्रांत पडलेल्या कुपींत पाणी शिरूं लागलें असतां हॅमला बाहेर काढलें. तो जिवंत होता. पुढच्या अग्निबाणावर माणूस बसवावा असें कित्येकांना वाटत होतें. बसणारा ॲलन शेपर्ड तर उतावीळ होता. अग्निबाणाचे कर्ते व्हॉन ब्राउन यांनीं मात्र आणखी एक फेरी रिकामी झाली पाहिजे असा आग्रह धरिला. ती २४ मार्चला झाली व निर्दोष झाली. तिकडे रशियानेंही त्याच महिन्यांत इव्हान इव्हानोविच नांवाचा बाहुला दोनदां वर पाठविला. छत्रीनें खालीं आलेला तो पाहून खेड्यांतील लोकांनीं मेलेला माणूस समजूं नये म्हणून त्याच्या चेहऱ्यावर 'नमुना' अशा अर्थाचा रशियन शब्द लिहिला होता. आणि १२ एप्रिलला युरी गागारिन पृथ्वीभोंवतीं फिरून आला. शेपर्ड उडाला तो ५ मे रोजीं. त्या एका रिकाम्या फेरीपायीं अमेरिकेच्या हातून पहिलेपणा गेला.

"मग त्यांना पश्चात्ताप झाला असेल," नात म्हणाली.

"शेपर्डला झाला," आम्ही म्हणालों. "पण तो पुढें चंद्रावर जाऊन आला. जिवंत असल्याचा तेवढा फायदा असतो."

नऊ वाजून गेले. शेजारच्या गृहस्थांच्या खिशांतल्या फोनमधून आंकडे ऐकूं येत होते. दोन मिनिटांहून कमी वेळ उरला असतां आंकडे थांबले. कांहीं तरी बिघाड संगणकाला दिसला होता, उड्डाण रद्द. आम्हांस वाटलें, आतां गलका होईल. कोणी चकार शब्द काढला नाहीं. मंडळींनीं खुर्च्या मिटल्या, मुलांना खांद्यावर घेतलें आणि मोटारींकडे चालूं लागली. आमच्याकडील श्रीहरिकोट्याची गोष्ट आठवली. २१ ऑक्टोबर २०२३ रोजीं गगनयानाची पहिली मोठी चांचणी पांच सेकंद उरले असतां संगणकानेंच थांबविली होती. कारण शोधून त्याच सकाळीं दहा वाजतां ती पार पाडली. त्याही कुपींत कोणी नव्हतें. तेव्हां आमच्या घरीं दूरदर्शनसमोर बसून आम्ही किती चिडलों होतों, तें आतां सांगण्यास लाज वाटते.

परतीच्या वाटेवर गाडींत अंधार होता. आमच्या कुटुंबाला झोंप लागली असें आम्हीं समजत होतों. इतक्यांत ती नातीला म्हणाली,

"काय गं, तूं ज्यांत बसशील तें आधीं किती वेळां रिकामें जाऊन आलेलें असेल?"

"तूंच सांग ना आजी. किती वेळां पाहिजे?"

आजीनें बोटांच्या पेरांवर कांहीं मोजण्यास सुरुवात केली. ऑर्लँडोचे दिवे दिसूं लागले तरी तिचें मोजणें चाललेंच होतें.